गावाचा अभ्यास गावानेच कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेचे सदस्य, आशाताई, बचत गटांना मदत करणाऱ्या सीआरपी, रोजगार हमीचे रोजगार सेवक आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्याशी गावाच्या अभ्यासाबद्दल बोलायला बसलं की तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं विदर्भातली आहेत. जिथे ‘समजा’ म्हटलं आहे, तिथले आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत.

संशोधन विद्यापीठात होतं. गावाने त्या भानगडीत कशाला पडायचं?

गावाबद्दलचा निर्णय कुठल्या तरी आकड्यावर होतो. तो आकडा गावाने काढला नाही, तर दुसरा कोणी तरी काढून मोकळा होतो. १९८०च्या सुमारास महाराष्ट्रात शेतमजुरांची किमान मजुरी ठरवताना सरकारच्या पागे समितीच्या हिशेबातून रोज चार रुपये निघाले होते. डॉ. अभय बंग तेव्हा वर्धा जिल्ह्यात काम करत होते. त्यांनी तो हिशेब उलगडून पाहिला. मजुराच्या अंगाला किती उष्मांक लागतात, त्याच्या कमाईवर किती तोंडं जगतात, हे नीट धरल्यावर आकडा बाराच्या घरात जातो, असं त्यांनी मांडलं आणि पुढे सरकारला दर वाढवावे लागले. मजुरीसाठी मोर्चे आधीही निघत होते. मोर्च्याच्या हातात हिशेब आल्यावर समोरच्याला ‘बघू, करू’ म्हणणं जड गेलं.

दुसरं उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. त्या घोषणेमागचा अभ्यास गट मात्र फार जणांना ठाऊक नसतो. या गावात अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात कायदा वाचायचा, जंगलाबद्दल बोलायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. अभ्यासाच्या बैठकीत निर्णय नसला की कोणी हरत-जिंकत नाही, आणि माणसं मोकळेपणाने ‘हे मला समजलं नाही’ म्हणू शकतात. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी कित्येक वर्षं गाव अशा बैठकांमध्ये बसत होतं. म्हणून आमचं मत असं की आधी अभ्यास गट बसवा. प्रश्नावली छापायची घाई नको.

पण हे ‘सहभागी संशोधन’, म्हणजे ज्यांचा प्रश्न त्यांनीच अभ्यासात उतरायचं, हे बाहेरून आलेलं खूळ नाही का?

नावं बाहेरची आहेत हे खरं. कृती-संशोधन (अभ्यास करता करता बदलही घडवायचा) हा शब्द १९४६ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी रुळवला. १९७७ साली कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने या विषयावर मोठी परिषद झाली. भारतात राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये ‘प्रिया’ ही संस्था उभी केली. काम मात्र आपल्याकडे जुनं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचं काम चालवणारे जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारसाठी खेड्यांतल्या उद्योगांची पाहणी झाली होती. खेड्यातला तेली, कोष्टी, कुंभार काय करतो आणि त्याला काय परवडतं, हे विचारल्याशिवाय योजना करू नये, एवढी साधी त्यामागची दृष्टी होती.

आमचा विषय संशोधनाचा आहे का, हे कसं ओळखायचं?

विषय आणि प्रश्न यांत फरक करा. ‘फवारणीने लोक आजारी पडतात’ हा विषय आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं दगावली. तेव्हापासून विदर्भात या विषयावर प्रत्येकाला मत आहे. गावाला कामाचे प्रश्न असे असतील: मागच्या हंगामात पंप पाठीवर कोणी घेतला, मालकाने, सालदाराने की रोजंदारीच्या मजुराने? पंप हाताचा होता की पेट्रोलचा? एका टाकीत किती औषधं मिसळली आणि ती मिसळायला कोणी सांगितलं? त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणाला उलटी, चक्कर, डोळ्यांची आग झाली आणि तो कुठे गेला? या प्रश्नांची उत्तरं गावात मिळतात. त्यातून काय करायचं हेही दिसतं. पंप बहुतेक मजुरांच्याच पाठीवर असेल तर मालकांसाठी घेतलेलं प्रशिक्षण वाया जाणार. औषध मिसळण्याचा सल्ला कृषी केंद्राच्या काउंटरवरून येत असेल तर बोलायचं तिथे.

प्रश्न ठरला की स्वतःला विचारा: उत्तर ‘हो’ आलं तर आपण काय करू, ‘नाही’ आलं तर काय करू? दोन्ही वेळा तेच करणार असाल तर अभ्यासाची गरज नाही, सरळ कामाला लागा. आणि ‘शेतकरी आत्महत्या का करतात’ यासारखा अवाढव्य प्रश्न पहिल्याच वेळी घेऊ नका. त्यात गावाची दमछाक होते आणि दुःखात असलेल्या घरांना पुन्हा पुन्हा तेच बोलावं लागतं.

आणखी एक. प्रश्न कोणाच्या अंगणात ठरला ते बघा. सरपंचांच्या ओसरीवर पांदण रस्ता निघतो, हापशीवर रेशनची तारीख निघते, पारधी बेड्यावर जातीचा दाखला निघतो. तिन्हीकडे बसल्याशिवाय ‘गावाचा प्रश्न’ असं लिहू नका.

आधी घरोघरी जायचं की आधी कागद बघायचे?

आधी कागद. निम्मी माहिती कुठल्या तरी कपाटात पडलेली असते. ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची यादी आणि जन्म-मृत्यूची नोंदवही, तलाठ्याकडे गाव नकाशा, सातबारा आणि आठ-अ, अंगणवाडीत वजनाची नोंद, शाळेत दाखल-खारीज रजिस्टर. पिकांची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाइलवरून होते. जुन्या मध्यप्रांताच्या भागात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, निस्तार पत्रक जरूर मागा. गावाला कुठल्या जंगलातून काय घेण्याची मुभा होती, गुरं कुठे चरत, सरण कुठून येई, हे त्यात लिहिलेलं असतं. वनहक्काच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालतं.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही माफ, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवावा लागतो. ‘गावाची सगळी माहिती द्यावी’ असा अर्ज करू नका. अमुक योजनेची, अमुक वर्षाची, अमुक नोंदवहीची प्रत मागा.

कागदावर विश्वास ठेवा, पण डोळे मिटून नव्हे. वजनाच्या रजिस्टरात ओळीने सगळ्या पोरांचं वजन पूर्ण किलोत दिसलं, ग्रॅम कुठेच नाहीत, तर काटा वापरला गेला नसावा असं समजा आणि शेजारच्या गावचा काटा आणून दहा पोरं पुन्हा मोजा.

प्रत्येक घरी जायचं की काही घरं निवडली तरी चालेल?

गाव शंभर-सव्वाशे घरांचं असेल तर सगळीच घरं घ्या. ‘आमचं घर का सोडलं’ हे भांडण टळतं आणि हिशेबही सोपा होतो. गाव मोठं असेल किंवा दहा-बारा गावांचा अभ्यास असेल तर निवड करावी लागते. ती स्वतःच्या मनाने करू नका. मनाने निवडलं की ओळखीची, रस्त्यालगतची, चहा विचारणारी घरं येतात. घरांना ओळीने क्रमांक द्या. दर पाचवं घर घ्यायचं असेल तर पहिलं घर १ ते ५ मधली चिठ्ठी उचलून ठरवा, मग पाच-पाच पुढे जा.

मुख्य गाव आणि वस्त्या यांची यादी मात्र वेगवेगळी करा. गडचिरोली-गोंदियाकडचा टोला, यवतमाळकडे कोलामांचा पोड, पारध्यांचा बेडा, तांडा, गावाच्या कडेची बौद्ध वस्ती. सगळं एका यादीत टाकून निवड केली तर पंधरा घरांच्या पोडातून तीनच घरं येतात आणि त्यांवरून काहीच बोलता येत नाही. अशा लहान वस्तीतली सगळी घरं घ्या.

कुलूप लागलेल्या घराचं काय, हे हमखास विचारतात. ‘घर बंद’ असं लिहून पुढे जाण्याची सवय सर्वेक्षणाला सगळ्यात जास्त बिघडवते. पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात गेलेली घरं, मेळघाटातून कामाला बाहेर पडलेली कोरकू कुटुंबं, हीच तर गावातली सगळ्यात अडचणीतली माणसं. ती वगळली की गाव आहे त्यापेक्षा सुखी दिसतं. कोरकू कुटुंबं होळीला परततात, कारण तो त्यांचा मोठा सण. मेळघाटातला अभ्यास होळीच्या आसपास ठेवला तर बहुतेक घरं भेटतील. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत जाऊ नका, कापूसपट्ट्यात वेचणीच्या दिवसांत नको, जंगलपट्ट्यात तेंदूच्या दिवसांत नकोच.

प्रश्नावली कशी करायची?

छोटी. एका घरी अर्ध्या तासाच्या वर बसावं लागत असेल तर ती जास्त झाली. प्रत्येक प्रश्नापुढे ‘या उत्तराचं मी काय करणार’ हे पेन्सिलीने लिहून बघा. जिथे लिहिता आलं नाही तो प्रश्न खोडा. उत्पन्न किती, हा प्रश्न पहिल्या पानावर घालण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्याचं खरं उत्तर मिळत नाही आणि पुढच्या सगळ्या उत्तरांवर त्याची सावली पडते.

भाषा कुणाची, हे आधी ठरवा. सिरोंचाकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया, धारणीत कोरकू, केळापूर-झरीकडे कोलामी, पुसद-दिग्रसकडे बंजारा बोली. मराठीत छापलेला प्रश्न विचारणाऱ्याने जागेवर उलटवला की दहा जण दहा प्रश्न विचारतात. आधी सगळ्यांनी बसून त्या बोलीत प्रश्न पक्का करा आणि देवनागरीत लिहून ठेवा. वऱ्हाडी-झाडीपट्टीतही ‘आपण गतवर्षी किती व्यक्तींना रोजगार दिला’ असलं विचारू नका. ‘निंदाले किती बाया लावल्या होत्या?’ हे कळतं.

काळ सणांनी विचारा. ‘मागच्या सहा महिन्यांत’ म्हणण्याऐवजी ‘पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत’ म्हटलं की माणसाला आठवतं. मापं त्यांचीच ठेवा, पण ती तोलून घ्या. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी नसते, आणि एकाच पायलीत धान आणि वाळलेली मोहफुलं यांचं वजन वेगळं भरतं. गावातल्या दोन-तीन घरच्या पायल्या काट्यावर ठेवून किलोचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पक्की करण्याआधी ती शेजारच्या गावात पाच-सहा घरी विचारून बघा. आपल्या गावात नको, कारण ती घरं मग शिळी होतात.

जमिनीवर नकाशा काढणं, बियांनी मोजणं, याने खरंच माहिती मिळते की तो खेळच आहे?

मिळते, प्रश्नावलीतून न मिळणारी मिळते. आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेत, रांगोळीने गाव काढायला सांगितलं की कुठली विहीर कोणासाठी उन्हाळ्यात बंद होते, हे कोणी न विचारता बाहेर येतं. शिवारफेरीत म्हाताऱ्या माणसाबरोबर धुऱ्याधुऱ्याने चाललं की ‘इथं बोडी (छोटं तळं) होती, अमक्या सालच्या पुरात फुटली’ अशी माहिती सापडते. तलाठ्याच्या नकाशावर ती नसते. हंगामाच्या चक्रात बारा महिने आखून कर्ज, काम, ताप आणि धान्य यांच्यासाठी चिंचोके ठेवायला सांगा. श्रावणात धान्याचा चिंचोका एकच आणि कर्जाचे ढीगभर दिसले की चर्चा आपोआप सुरू होते.

अडचण अशी की काठी ज्याच्या हातात, नकाशा त्याचा. मोठा कास्तकार काढायला बसला तर त्याची विहीर मध्यभागी येते आणि मजुरांची वस्ती एका रेघेत संपते. म्हणून बायांचा नकाशा वेगळा, पुरुषांचा वेगळा, वस्तीचा वेगळा. मग तिन्ही शेजारी ठेवून फरक वाचा. अभ्यासाचं सोनं त्या फरकात असतं. नकाशा पुसण्याआधी कागदावर उतरवा आणि कोण कोण बसलं होतं ते खाली लिहा.

भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे मामा तलावांवर, झालेलं काम या रीतीचा चांगला नमुना आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांसोबत बसून कुठले देशी मासे होते, कुठले कमी झाले, कुठल्या पाणवनस्पतीत कुठला मासा अंडी घालतो, हे नोंदवलं. ती माहिती त्या माणसांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. तिच्या आधाराने बेशरमाची झुडपं काढून तलावात देशी वनस्पती लावल्या गेल्या. मासेमार तिथे माहिती देणारे होते आणि अभ्यासकही.

बाया बैठकीत बोलतच नाहीत. काय करायचं?

बैठकीची वेळ बदला, जागा बदला, आणि विचारणारी बाई असू द्या. चावडीवर, सासऱ्यासमोर, सकाळी दहाला बोलावलं तर कोणीही गप्पच बसेल.

बायांना विचारलंच नाही तर काय हातचं जातं, याचं मोठं उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यावरच थांबत होता. दवाखान्यात आलेल्या बायांवरूनच अंदाज बांधला असता तर हे कधी दिसलं नसतं. ज्या आल्याच नाहीत त्यांच्याकडे जावं लागलं.

लोक म्हणतात, ‘लिहून काय होते बापा? आमाले काय भेटते?’ काय उत्तर द्यायचं?

खरं उत्तर द्या: लगेच काही मिळणार नाही. घरकुल मिळेल, नाव यादीत येईल, असं एकदा सूचकपणे जरी बोललात तरी पुढची सगळी उत्तरं त्या घरकुलासाठी येतील. गावाला निरनिराळ्या लोकांनी येऊन कितीदा लिहून नेलं, आणि परत सांगायला कोणीच आलं नाही. त्यांचा राग रास्त आहे.

काय सांगायचं: आम्ही कोण, हे कशासाठी, तुमचं नाव कुठे दिसेल आणि कुठे नाही, कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणता येईल, आणि अमुक तारखेच्या ग्रामसभेत हे सगळं वाचून दाखवू. ती तारीख पाळा. आधार क्रमांक लिहून घेऊ नका, त्याची झेरॉक्स तर नाहीच. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा. लहान मुलाशी बोलायचं तर आईबापांची परवानगी हवी आणि पोराचीही.

विचारणारा कोण यावरही उत्तर ठरतं. आशाताईने ‘आशा घरी येते का’ विचारलं तर कोण नाही म्हणेल? सरपंचांच्या पुतण्याने पाणीपुरवठ्याबद्दल विचारू नये. माणसं अदलाबदल करून पाठवा.

आकडेमोड जमत नाही. त्याशिवाय चालेल का?

बेरीज, भागाकार आणि टक्केवारी एवढं पुरतं. कठीण आहे ते कुठल्या संख्येने भागायचं हे.

समजा, मुख्य गावात ९० घरांपैकी १८ घरांकडे रेशनकार्ड नाही आणि टोल्यावर २५ पैकी १५ घरांकडे नाही. नुसते आकडे बघितले तर गावात अडचण जास्त, १८ विरुद्ध १५. शिबिर गावात लागेल. भागाकार केला तर गावात २० टक्के आणि टोल्यावर ६० टक्के. आणि सगळी ११५ घरं एकत्र करून ‘२९ टक्के घरांकडे कार्ड नाही’ असं लिहिलं तर टोला अहवालातून गायबच होतो. सरासरी लिहाच, पण वस्तीवार फोड केल्याशिवाय लिहू नका.

दुसरी गफलत लहान संख्येची. बालमृत्यू दर हजार जन्मांमागे मोजतात. समजा तुमच्या गावात वर्षाला २० बाळं जन्मतात आणि एक दगावलं. हिशेबाने दर झाला ५०. पुढच्या वर्षी एकही दगावलं नाही, दर शून्य. गाव सुधारलं का? सांगता येत नाही. दर काढायला बरीच गावं किंवा बरीच वर्षं एकत्र लागतात. एका गावात दर काढू नका, प्रत्येक मृत्यूची हकिकत लिहा: ताप कधी आला, कोणाला कधी कळलं, गाडी कधी मिळाली, नाला कुठे आडवा आला. अशा दहा हकिकती ओळीने वाचल्या की उशीर नेमका कुठे होतो ते कळतं.

शिक्षण कमी असलेल्या माणसांनी मोजलेलं कोण मानेल?

नीट मोजलं तर जग मानतं. बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला एक साधं यंत्र केलं: वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला तर श्वास जलद चालला आहे. मोजता न येणाऱ्या सुईणींनाही ते जमलं. पुढे गावातल्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी ४७ गावांत फक्त नोंद ठेवली. १९९९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात घरी जाऊन नवजात बाळ बघणं आलं.

यातून उचलण्यासारखं म्हणजे तुलना. ‘आमच्या गावात दारूबंदीनंतर भांडणं कमी झाली’ म्हणायचं तर जिथे काही केलं नाही अशा गावातली भांडणंही मोजावी लागतात. नाही तर त्या वर्षी सगळीकडेच पीक बरं आलं होतं आणि भांडणं त्यामुळे कमी झाली, असं कोणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. शिवाय एकच गोष्ट तीन वाटांनी तपासा: लोक काय सांगतात, कागद काय सांगतो, डोळ्यांना काय दिसतं. तिन्ही जुळले तर निर्धास्त लिहा. जुळले नाहीत तर जुळले नाहीत असंच लिहा.

मोबाइल अ‍ॅप वापरावं का?

कोबो टूलबॉक्ससारखी फुकट साधनं आहेत, नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो, मराठी चालते. पन्नासच्या वर घरं असतील तर जरूर वापरा. पण प्रत्येक रात्री एक जण वहीत ठळक गोष्टी लिहील असं ठरवा. भरलेले फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

उत्तर गावाच्याच विरुद्ध गेलं तर?

जाईल. सरकारची चूक दाखवायला निघालेला अभ्यास गावातलीच चूक दाखवतो, असं नेहमी होतं. गावातलाच दुकानदार टोल्यावर धान्य कमी तोलतो, बचत गटाचं कर्ज दोनच आडनावांना जातं, गायरानावरचं अतिक्रमण पुढाऱ्याच्या भावाचं निघतं.

तेव्हा अहवाल दडपण्याचा मोह होतो, तसाच तो पेपरात देण्याचाही होतो. दोन्ही टाळा. ज्यांच्यावर बोट जातं त्यांना आधी आकडा दाखवा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या, मग ग्रामसभेत आणा. नावं घेऊ नका, रीत दाखवा: ‘तोलताना काटा गिऱ्हाइकाला दिसत नाही’ एवढं म्हटलं की काटा फिरवून ठेवता येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून सोडलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. हातातला पैसा सोडायला लावणारं उत्तर गावाला पचलं, याचं कारण ते गावाने स्वतःच काढलं होतं. बाहेरच्याने तोच निष्कर्ष येऊन सांगितला असता तर त्याला चहा देऊन वाटेला लावलं असतं.

एक अपवाद. मारहाण, लैंगिक अत्याचार, आत्महत्येचा विचार यांबद्दल कोणी काही सांगितलं तर ते ग्रामसभेत आकडा म्हणूनही मांडू नका. लहान गावात ‘एक स्त्री’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. त्या माणसाला मदत कुठे मिळेल ते बघा, अभ्यास बाजूला ठेवा.

विद्यापीठातून कोणी पीएचडीसाठी आलं तर?

येऊ द्या, पण अटीवर. प्रश्न ग्रामसभेत मांडावा, गावाचा एक प्रश्न सोबत घ्यावा, माणसाला दिवसभर बसवणार असेल तर मजुरी द्यावी, औषधी वनस्पतींची माहिती विचारणार असेल तर ती कुठे छापणार ते सांगावं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती दाखवून बोला. आणि मराठीत आठ-दहा पानांचा सारांश दिल्याशिवाय जाऊ नये. ठरावात लिहून सही घ्या. चांगला अभ्यासक या अटींनी नाराज होत नाही.

अभ्यास झाला. पुढे?

वाचून दाखवा, दुरुस्त करा, ठराव करा. सामूहिक वनहक्काचा दावा असेल तर वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते, म्हणजे निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. पुराव्यात निस्तार पत्रकाबरोबर वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने देवस्थान, मसणवटा, विहिरी यांच्या खुणा चालतात. शिवारफेरीच्या वह्या इथे कामी येतात, म्हणून त्यांवर तारीख आणि सोबत असलेल्यांची नावं हवीतच. मूळ वह्या गावात राहतील, संस्थेच्या ऑफिसात नाही.

किती दिवस, किती पैसा?

शंभर घरांचा एक नेमका प्रश्न दोन-तीन महिन्यांत होतो. खर्च कागद, झेरॉक्स, पेट्रोल आणि चहाचा. विचारणाऱ्यांचा रोज बुडत असेल तर तो धरा. गरीब घरातल्या पोरींकडून फुकटात काम करून घेऊन त्याला लोकसहभाग म्हणू नये.

शिकायला कुठे जायचं?

नागपूरला समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. ‘सर्च’च्या शोधग्राम परिसरात ‘निर्माण’ या उपक्रमाची युवा शिबिरं होतात. पुस्तकी पद्धती तिथे मिळतील. पण एखाद्या ग्रामसभेच्या अभ्यास गटात मागे बसून दोन-चार बैठका ऐका, निदान प्रश्न कसा तोडायचा ते कळेल. जाण्याआधी ग्रामसभेला विचारा. पर्यटक आल्यासारखं जाऊ नका.

इंग्रजी लागतं का?

नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, राज्याचं कामकाज मराठीत चालतं. तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपविभागीय अधिकारी, सगळीकडे मराठी अहवाल द्या. वर एक पानाचं निवेदन लावा, त्यात मागणी पहिल्या चार ओळींत लिहा, आकडे मागच्या तक्त्यात. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.